नावाखालची ओळ

माझ्या नावाखाली काय लिहायचं, यावरून एका दिवाळीच्या तोंडावर मी आमच्या मराठी मंडळाला लटकवून ठेवलं होतं. अजूनही लोक भेटले की म्हणतात, एवढ्याशा ओळीसाठी इतकं ताणायची काही गरज नव्हती. गरज होती. काय झालं ते सांगते, मग ठरवा.

मी शाळेत निबंध लिहिले, कॉलेजात उत्तरपत्रिका लिहिल्या, पण लिहायला शिकले ते माणदेशातल्या आठवडी बाजारात, आईच्या कटलरीच्या दुकानामागे बसून. आमच्याकडे कटलरी म्हणजे काटे-चमचे नव्हेत. टिकल्या, पिना, रिबिनी, कंगवे, नखपॉलिश, हातात मावणारे आरसे, या सगळ्याला मिळून कटलरी म्हणतात. खाली ताडपत्री, वर छत्री, आणि दोन्ही बाजूंना तशीच दुकानं. माल तोच, भावही तोच. मग येणारी बाई आमच्याकडेच का थांबेल?

बाकीचे ओरडायचे, 'या ताई, या माई, स्वस्त लावलंय.' आई ओरडायची नाही. समोरून जाणाऱ्या बाईच्या हातात ती एक आरसा द्यायची आणि म्हणायची, "हा बघ, हा आरसा काल एकीनं परत आणून दिला." एवढं बोलून ती वळायची आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला पिना काढून द्यायला लागायची. आरसावाली बाई तिथंच उभी. फुटका निघाला असेल का? चेहरा वाकडा दाखवत असेल का? ती आरसा उलटासुलटा करून बघायची. शेवटी तिलाच राहवायचं नाही.

"अगं, पर का दिला परत?"

"सांगते की. बस जरा."

एकदा बसली की ती आमची. आरसा परत का आला याचं कारण दर बाजारी वेगळं असायचं. "म्हनली, ह्यात मला माझी सासू दिसती," हे माझं आवडतं. अशी बाई खरोखर होती की नाही, हे मी आईला कधी विचारलं नाही.

लग्नानंतर नवऱ्याला रॉटरडॅमला मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही फोरबर्गला राहायला आलो. माझी बी.ए.ची पदवी इथे कुणाला नको होती आणि मला इथली भाषा येत नव्हती. मी घरात बसणारी नाही. रीतसर नोंदणी केली, स्वयंपाकघराची तपासणी करून घेतली आणि भाजणी विकायला लागले. चकलीची, थालीपिठाची, उपासाची. पुढे लाकडी खोकं असलेली सायकल असते ना, जिला इथे बाकफीट्स म्हणतात आणि जिच्यात लोक पोरं बसवून शाळेत सोडतात, तशी एक जुनी घासाघीस करून घेतली. विकणारा डच माणूस शेवटी इतका वैतागला की कुलूप आणि पावसाचं कव्हर असंच देऊन मोकळा झाला. तिच्यात पिशव्या भरून मी लायडनपर्यंत जायची. वारा समोरून असला तर माझ्या तोंडून निघणाऱ्या शिव्या मागे राहणाऱ्या कुणाला तरी ऐकू जात असतील.

गिऱ्हाईक मिळवायला मी फोनवर पहिली पोस्ट टाकली: 'घरगुती, शुद्ध व चविष्ट भाजणी मिळेल. संपर्क साधावा.' ती दोघांना आवडली. एक माझा नवरा, दुसरी साताऱ्याची मावसबहीण.

मग मी काही दिवस ट्रॅममध्ये लोकांकडे बघत बसले. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात फोन, आणि अंगठा सतत वर सरकतोय. मोठा लेख असला तर त्याच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि खाली बारीक अक्षरात येतं, 'आणखी पाहा'. अंगठा तिथं थांबला तर थांबला, नाहीतर गेला. मला एकदम ओळख पटली. ही आमच्या ताडपत्रीसमोरून जाणारीच बाई होती. 'शुद्ध व चविष्ट' म्हणजे 'या ताई, या माई' होतं. तिच्या हातात आरसा द्यायला हवा होता.

पुढची पोस्ट मी अशी सुरू केली: 'या देशात मला ज्वारी पहिल्यांदा दिसली ती कबुतरांच्या खाद्यात.' पुढे लिहिलं, की त्या दुकानातल्या माणसानं मला विचारलं, किती कबुतरं आहेत तुमच्याकडे, आणि मी म्हणाले, दोन, एक मोठं आणि एक त्याहून मोठं, दोघांना थालीपीठ लागतं. मग खरी खाण्याची ज्वारी शोधायला मी कुठे कुठे फिरले, ते. भाव लिहिला नाही, फोन नंबर लिहिला नाही. तरी लोकांनी मला शोधून काढलं.

तेव्हापासून मी दर आठवड्याला लिहीत आले. लिहून झालं की मोठ्यानं वाचते. वाचताना जिथे माझाच श्वास लांबतो ते वाक्य तोडते. 'अतिशय', 'अप्रतिम', 'मनाला भिडणारं' असलं काही आलं की काढून टाकते. ज्याचा माल चांगला असतो त्याला ओरडावं लागत नाही. आणि खाली कुणी भांडायला आलं की मला आनंद होतो. भाजणीत धने किती यावरून एका पुणेकर काकूंनी माझ्याशी जे भांडण मांडलं, ते भांडण वाचायला लोक परत परत येत होते. बाजारात वाद घालणारा माणूस हमखास घेऊन जातो. न बोलता पुढे जाणारा कधीच घेत नाही.

आता मंडळाकडे येते.

ज्वारीची ती पोस्ट मी मंडळाच्या पेजवरही टाकली होती. दुसऱ्या दिवशी ती गायब. सचिवांचा मेसेज आला: 'आपली पोस्ट जाहिरातसदृश असल्याने काढून टाकण्यात आली आहे. कृपया सहकार्य करावे.' हे सचिव आयंडहोवनला चिप बनवण्याच्या यंत्रांच्या कामावर आहेत. शिकलेले, सभ्य, मवाळ आवाजाचे. त्याच दिवशी त्याच पेजवर 'सांगण्यास अत्यंत आनंद होतो की' अशी सुरू होणारी एक पोस्ट होती. एका अभियंत्याला बढती मिळाली होती. मागे कंपनीची पाटी, पुढे तो, हाताची घडी. ती पोस्ट राहिली. ती जाहिरात नव्हती म्हणे. मी ज्वारी विकते, तो स्वतःला विकत होता, एवढाच मला त्यात फरक दिसला.

त्यानंतर संक्रांतीचा कार्यक्रम झाला. तिळगूळ माझ्याकडून घेतला होता. सचिव माइकवर म्हणाले, "तिळगुळाची व्यवस्था आपल्या भाजणीवाल्या बाईंनी केलेली आहे. त्या लिहितातही, बरं का." सभागृह हसलं. हसण्यात वाईट काही नव्हतं, असं नवऱ्याचं मत आहे. बोलक्या पोपटाबद्दल माणसं जसं सांगतात तसं ते 'बरं का' होतं. ते मी जपून ठेवलं.

मंडळाची दिवाळी पहाट दर वर्षी असते. मंडळातलेच लोक गातात, तबल्याला लायडन विद्यापीठातली एक संशोधक मुलगी असते आणि ती खरंच चांगलं वाजवते. पण ही पहाट सुरू व्हायची सकाळी साडेदहाला. कारण वस्तीतल्या ज्या सभागृहात ती होते, तिथल्या देखरेख करणाऱ्या माणसाकडे किल्ली असते आणि रविवारी तो दहाच्या आत येत नाही. मंडळानं लवकर उघडण्याबद्दल ईमेल पाठवले, उत्तर आलं की शक्य नाही. झालं. भर उजेडात, पडदे ओढून, लोक पहाटेची गाणी म्हणायचे.

मी दर वर्षी फराळ पोचवायला तिथे जायची. तो किल्लीवाला उंच, साठीच्या जवळचा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या दिवाळीच्या आदल्या वर्षी खोकी आत घेताना त्यानं मला विचारलं, "या कार्यक्रमाचं नाव काय?"

"पहाट," मी इथल्या बाजारात शिकलेल्या डचमध्ये सांगितलं.

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला आमच्या सगळ्यांची लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो.

"तुम्ही सकाळी किती वाजता उठता?" मी विचारलं.

"पाचला. कुत्र्याला फिरवायला."

"मग उठून किल्ली खिशात ठेवून दहापर्यंत काय करता?"

तिथून आमची घासाघीस सुरू झाली. ती कशी संपली ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. तोही बोलला नाही. मंडळाला पुढच्या वर्षी फक्त एक ईमेल आला, की हवं असल्यास सभागृह सकाळी सहाला उघडेल. मंडळाला वाटलं, आपल्या ईमेलना यश आलं.

वेळ ठरली साडेसहा. मंडळानं निवेदन टाकलं. सुरुवातीला श्रीकार, मग 'सर्व मराठी बंधू-भगिनींना कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की', मग अध्यक्षांपासून सगळ्या कार्यकारिणीची नावं पदांसकट, मग पुरस्कर्त्यांचे आभार. लग्नपत्रिकेत वधू-वरांच्या आधी सगळे आजोबा-पणजोबा येतात तसं. कार्यक्रम या वर्षी खरोखर अंधारात आहे, ही एकमेव बातमी तळाशी, 'आणखी पाहा'च्या खूप खाली. कुणाचा अंगठा तिथवर गेलाच नाही. येणार म्हणून कळवणारे सगळे कार्यकारिणीतलेच. बाकीच्यांना वाटलं, नेहमीचंच साडेदहाचं.

आणि मी किल्लीवाल्याला शब्द देऊन बसले होते.

एका शनिवारी दुपारी सचिव माझ्या घरी आले. आधी विचारून, वेळ ठरवून आले. इतकी वर्षं इथे राहिल्यावर आपली माणसंही तशीच होतात. मी चहा आणि चकल्या ठेवल्या. नवरा सोफ्यावर पेपर धरून बसला, पण त्यानं पान उलटलं नाही.

"ताई, तुमची ती एक शैली आहे ना," सचिव म्हणाले, "तशी एक पोस्ट हवी होती. पहाटेसाठी. लोकांना रविवारी इतक्या पहाटे उठवायचं म्हणजे साध्या निवेदनानं होत नाहीये."

"लिहीन. माझं नाव जाईल."

"मंडळाच्या पोस्टवर 'संपादक मंडळ' असं जातं, म्हणजे ती एक पद्धत आहे."

"मग संपादक मंडळाला लिहू दे."

त्यांनी चकली उचलली. ती संपवून बोटं पुसली. "बरं, नाव घालू."

"आणि नावाखाली?"

"नावाखाली काय?"

"तुमच्या पेजवर प्रत्येक लेखाखाली असतं. नाव, आणि खाली 'अभियंता, आयंडहोवन'. 'संशोधक, लायडन'. माझ्या नावाखाली काय येणार?"

"हां. लेखिका घालू की. छान वाटेल."

"अभियंत्यांनी लेख लिहिला तर त्यांच्याखाली लेखक घालता का?"

"नाही, त्यांचा व्यवसाय घालतो."

"मग माझाही घाला. 'भाजणी विकते, फोरबर्ग'."

ते हसले. मी हसले नाही, तेव्हा थांबले. "ताई, कसंय, थोडा पातळीचा प्रश्न येतो."

"कुणाच्या?"

"पेजच्या हो. तुमच्या नाही. शिवाय जाहिरातीचा नियम आहे आपला."

"अभियंता लिहिलं की जाहिरात होत नाही?"

"ते पद आहे."

"आणि हे काम आहे. पद काढून घेतात, काम नाही काढून घेता येत."

पेपरामागून नवरा खाकरला. सचिव म्हणाले, "गृहउद्योजिका करूया का? सन्मानाचा शब्द आहे." मी मान हलवली. "खाद्य-उद्योजिका?" मी परत मान हलवली. त्यांना वाटत होतं, ते भाव वाढवतायत. पण मी मागत होते एक माल आणि ते वाढवत होते भलत्याच मालाचा भाव. माइकवर 'भाजणीवाल्या बाई' म्हणताना यांची जीभ अडली नव्हती. लिहायची वेळ आली तेव्हाच अडली. बोललेलं हवेत जातं आणि लिहिलेलं राहतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

उठताना ते म्हणाले, "बघू, करू काहीतरी. तुम्ही आधी पाठवा तर लेख."

'करू काहीतरी' हे बाजारात कोण म्हणतं, मला माहीत आहे. माल पिशवीत टाकून झालेला असतो आणि पाय निघालेला असतो, तो माणूस म्हणतो.

त्यांची कपबशी विसळता विसळता माझं ठरलं. लेख मी तसाही मनात लिहून ठेवला होता. त्या संध्याकाळी टंकला आणि बरोबर मध्यावर तोडला. पाठवताना सोबतच्या मेसेजच्या शेवटी स्वच्छ लिहिलं: 'हा अर्धा आहे. उरलेला नावाखालची ओळ बघून पाठवते.' मी फसवलं नाही. पण ज्यांची निवेदनं कुणी शेवटपर्यंत वाचत नाही, ते स्वतःही दुसऱ्याचं शेवटपर्यंत वाचत नाहीत.

"पाठवलास?" नवऱ्यानं विचारलं.

"पाठवला. अर्धा."

"आणि बाकीचा?"

"ताडपत्रीखाली."

त्यानं डोक्याला हात लावला. "अगं, दिवाळी तोंडावर आलीय. चकल्या यांनाच विकायच्यात ना तुला?"

"अहो, यांना विकायच्यात म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेख पेजवर आला. सुरुवात अशी होती: 'आमच्या गावात पहाट साडेदहाला होते, कारण ती एका डच माणसाच्या खिशात असते.' मग किल्लीवाला, त्याचा जुडगा, घड्याळाकडे टाकलेली ती नजर, कुत्रा. आणि शेवट: 'मी त्याला विचारलं, ही पहाट जरा लवकर बाहेर काढाल का? त्यानं जुडगा कमरेला परत अडकवला आणि जे म्हणाला, ते ऐकून मी हातातलं फराळाचं खोकं खाली ठेवलं.'

त्याखाली माझं नाव. आणि नावाखाली, 'खाद्य-उद्योजिका, फोरबर्ग'.

मी वाचलं आणि फोन पालथा ठेवला. कढईत भाजणीचे तांदूळ होते, ते जरा जास्तच हलवले.

दुपारपर्यंत पेजवर जत्रा. 'मग काय म्हणाला तो?' 'ताई, पुढे?' 'माझ्या फोनवर आणखी पाहा येत नाहीये, कुणाला येतंय का?' मग लोक स्वतःच उत्तरं देऊ लागले. एकानं लिहिलं, 'म्हणाला असेल, आधी अपॉइंटमेंट घ्या.' दुसऱ्यानं, 'म्हणाला असेल, कुत्र्याला विचारून सांगतो.' ज्या पेजवर बढतीच्या पोस्टखाली 'अभिनंदन, अभिनंदन' यापलीकडे काही येत नसे, तिथे माणसं एकमेकांच्या विनोदाला हसत होती.

सचिवांचा फोन आला. "ताई, लेख अर्धवट आलाय."

"अर्धवट नाही. अर्धा."

"म्हणजे?"

"माझा मेसेज परत वाचा. शेवटची ओळ."

त्यांनी फोन न ठेवताच तो वाचला. मग ते म्हणाले, "हे काही बरोबर नाही हं. लोक विचारतायत."

"विचारणारच. त्यासाठीच लिहिलाय."

"हा हट्ट झाला."

"हो."

"मग मी पुढचा भाग स्वतः लिहून टाकतो."

"टाका की. तो काय म्हणाला, माहीत आहे तुम्हाला?"

त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फोन ठेवला, नमस्कार न करता. सभ्य माणूस चिडला की असा दिसतो, हे मला नवीन होतं.

दुसरा दिवस गेला, ओळ तशीच. तिसऱ्या दिवशी पिशव्या पोचवून येताना मी मुद्दाम सभागृहावरून आले. किल्लीवाला बाहेर पानं झाडत होता.

"किती लोक येतायत?" त्यानं विचारलं.

"खूप जण विचारतायत."

"विचारणं म्हणजे येणं नाही," तो म्हणाला आणि पानं झाडायला लागला.

इथली माणसं असं बोलतात आणि आपण घरी येईपर्यंत ते आपल्याला टोचत राहतं. लेख पुरा झाला नाही तर उत्सुकता शिळी होईल, लोक दुसऱ्या गोष्टीकडे वळतील, आणि रविवारी पहाटे तो माणूस रिकामं सभागृह उघडून उभा राहील. माझा शब्द जाईल, तोही मंडळाचा नाही, माझा. घरी येऊन मी फोन हातात घेतला. उरलेला अर्धा तिथंच होता, एक बोट लावलं की गेला असता.

"पाठवून टाक," नवरा म्हणाला. "जिंकलीस तू. सगळ्यांना कळलं."

सगळ्यांना काय कळलं होतं? नावाखाली अजून तोच शब्द होता. मी फोन खाली ठेवला.

त्याच संध्याकाळी एका अनोळखी बाईनं लेखाखाली विचारलं, 'ताई, खाद्य-उद्योजिका म्हणजे नेमकं काय करता?'

मी लिहिलं, 'भाजणी विकते. तसंच लिहा म्हणून सांगितलं होतं.'

एवढंच लिहिलं. आणखी बरंच सुचत होतं, ते गिळलं. रागात माणूस जास्त बोलतो आणि जास्त बोललं की भाव पडतो.

मग मी नुसती बघत राहिले. धन्यांवरून भांडलेल्या पुणेकर काकू सगळ्यांच्या आधी आल्या. 'मग तसं लिहायला काय झालं? भाजणी चांगली असते त्यांची. धने जास्त असतात, ते सोडा.' तबलेवाल्या मुलीनं लिहिलं, 'माझ्या नावाखाली संशोधक लिहिता. माझं संशोधन कुणीच विकत घेत नाही.' त्याखाली एका अभियंत्यानं लिहिलं, 'मी यंत्राचा एक स्क्रू बघतो. पुढच्या वेळी तेच लिहा.' माझ्या बाजूनं कुणी बोलावं म्हणून मी लिहीत नाही. पण ते वाचताना मी उभीच राहिले, बसले नाही.

नवऱ्यानं दोनदा विचारल्यावर मी पेज परत उघडलं. ओळ बदललेली होती. 'भाजणी विकते, फोरबर्ग.' मला फोन नाही, मेसेज नाही. मी लगेच उरलेला अर्धा पाठवला. सोबत एक शब्द लिहिला नाही.

किल्लीवाला काय म्हणाला होता, तर हे: "मागे एका गटासाठी मी असाच लवकर आलो होतो. सगळ्या खुर्च्या मांडल्या आणि आले मूठभर लोक. मग मीच त्या खुर्च्या परत उचलून ठेवल्या. सभागृह भरणार असेल तर अंधारात येतो." पैसे नकोत म्हणाला. मी चकलीची पिशवी कबूल केली, ती मात्र घेईन म्हणाला. लेखात वेळ आणि जागा मी वरच लिहिली आणि शेवटी लिहिलं: 'त्याला मी शब्द दिलाय. सभागृह भरेल, असं म्हणालेय. आता तो शब्द तुमच्या गजरावर आहे.'

त्या रविवारी मी सहाच्या आधीच पोचले. पाऊस नव्हता, थंडी होती, रस्त्यावर दिवे लागलेले. किल्लीवाला कुत्र्यालाच घेऊन आला होता. थोड्या वेळानं रस्त्याच्या टोकाला सायकलींचे दिवे दिसायला लागले, एकामागे एक. रविवारी इतक्या लवकर आयंडहोवनहून गाडी नसते, तर लोक एकमेकांच्या मोटारीत बसून आले होते, नऊवारीवर जाड कोट घालून, झोपलेली पोरं खांद्यावर टाकून. खुर्च्या कमी पडल्या. किल्लीवाला मागच्या खोलीतून बाक ओढून आणत होता आणि तोंडानं कुरकुरत होता, की एवढे लोक येणार हे आधी सांगायला नको का.

काचांबाहेर अंधार होता आणि आत पणत्या. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा तो दाराशी कुत्र्याच्या मानेवर हात ठेवून उभा होता. उजाडेपर्यंत तिथून हलला नाही.

कार्यक्रमानंतर सचिवांनी आभार मानले. सभागृहाचे, पुरस्कर्त्यांचे, गायकांचे, किल्लीवाल्याचे, कुत्र्याचेसुद्धा. त्यावर लोक हसले. माझं नाव घेतलं नाही. नवरा म्हणाला, विसरले असतील. विसरणारा माणूस कुत्रा लक्षात ठेवत नाही. तेही मी जपून ठेवलं आहे.

पण पेजवरून तो लेख आता कुणी काढत नाही. त्याखाली दुसऱ्याच दिवशी एकानं विचारलं, 'ताई, चकलीच्या भाजणीचा भाव काय?'

मी उत्तर लिहिलं: 'या पेजवर जाहिरातीला बंदी आहे. भाव सचिवांना विचारावा.'

लोकांनी खरंच विचारला. आणि त्यांनी सांगितला, अगदी बरोबर सांगितला, अर्ध्या किलोचाही आणि एक किलोचाही. त्यांना तो पाठ असणारच. त्यांच्या घरी पहिल्या दिवाळीपासून माझीच भाजणी जाते.